पायरीची पट्टी

जोत्याजीरावांनी नारळ माझ्या सुपात ठेवला आणि मी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"शेंगा पाखडतेय भावोजी," मी म्हणाले. "सुपात आणखी काय टाकू नका. फोलपटासंगं उडून जाईल."

नारळ फोलपटासंगं उडत नाही हे त्यांनाही कळत होतं. पण सोबत कमिटीची दोन माणसं आणलेली, त्यांच्यासमोर हसणं भाग होतं, म्हणून ते हसले. ओसरीच्या कोपऱ्यात आमचे हे, म्हणजे सातापा, टोपी काढून तिची घडी बघत बसले होते. घरात काही मागायला माणसं आली की ह्यांना टोपीत काहीतरी हरवल्यासारखं व्हायचं.

जोत्याजीराव देसाई आमच्या देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. गावात कुणी गेलं की सरणाची पहिली लाकडं त्यांच्या परड्यातून यायची. फक्त एवढंच, की दिलेलं ते कधी विसरत नसत आणि घेतलेलं त्यांना कधी आठवत नसे. माझं तसं नाही. मला दोन्ही आठवतं, आपलंही आणि दुसऱ्याचंही. गावात अशा बाईला तिखट म्हणतात.

"वैनी, सरळच बोलतो," जोत्याजीराव म्हणाले. "डोंगराला आता लोक लांबनं येत्यात. कोल्हापूर, बेळगाव. रविवारी गाड्या रस्त्यावर उभ्या ऱ्हात्यात. बैलगाडी जायला वाट न्हाई. कमिटीनं ठराव केलाय, पायथ्याला कमान उभी करायची, म्होरं गाड्यांना जागा करायची."

"चांगलं हाय की."

"तर त्याला तुमची पायरीची पट्टी लागती."

आमच्या रवळनाथाचं देऊळ डोंगराच्या माथ्यावर आहे. खालून दगडी पायऱ्या निघतात, आणि पहिल्या पायरीला लागून जे शेत आहे ते आमचं. म्हणून ती पायरीची पट्टी. मोठी नाही. एका टोकाला उभं राहून कुजबुज केली तर दुसऱ्या टोकाला हाक मारल्यासारखी ऐकू येते, इतकीच. पण तिच्यात भुईमूग असा लागतो, की वेल उपटला की शेंगांच्या वजनानं हात खाली जातो.

"पायथ्याला तुमची बी पट्टी हाय की भावोजी," मी म्हणाले. "वाटंच्या पल्याड."

"ती उसाची हाय."

"देवाला ऊस चालत न्हाई व्हय?"

कमिटीतला एक जण खोकला. खोकला नसावा तो. जोत्याजीरावांनी त्याच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. माणूस असा आवाज खाली आणतो तेव्हा आता काहीतरी लागेल असं येणार, हे मी ओळखून असते.

"वैनी, राग मानू नका. माझ्या उसाला चार तोंडं बसल्यात खायाला. तुमच्या दोघांच्या मागं पट्टी खाणार कोण? देवाला दिलीसा तर कमानीवर दोघांच्या नावाची फरशी लावू. नाव तरी ऱ्हाईल."

चाळिशी उलटली होती माझी तेव्हा. हे वाक्य मी बारशात ऐकलं होतं, लग्नात ऐकलं होतं, विहिरीवर ऐकलं होतं. ऐकून ऐकून त्याची धार गेली होती, असं मला वाटायचं.

"आम्ही हाय तवर आम्ही खातो," मी म्हणाले. "मागचं मागं ठरंल."

"सातापा, तू बोल. सातबारा तुझ्या नावाचा हाय."

ह्यांनी टोपी उलटी केली, सुलटी केली आणि डोक्यावर ठेवली. म्हणाले, "मी काय बोलू? देव म्हणंल तसं."

बिचाऱ्यांना वाटलं, आपण सुटलो. जोत्याजीरावांनी मांडीवरचा नारळ टप्पकन जमिनीवर ठेवला.

"झालं तर मग! येत्या रविवारी कौल लावू. देव म्हणंल तसं. शब्द झाला हं सातापा. गाव साक्षीला."

गाव कसलं, कमिटीची दोन माणसं आणि माझं सूप. पण शब्द गेला तो गेला.

दुसऱ्या दिवशी पट्टीत वेल उपटताना मी ह्यांना विचारलं, "देव म्हणंल तसं, म्हणालासा. देवाच्या वतीनं बोलणार कोण?"

"धाकलू गुरव."

"धाकलू ऱ्हातो कुणाच्या जागेत?"

हे वेल झटकत राहिले. माती उडाली. मग म्हणाले, "देसायांच्या."

"कळतंय तर सगळं."

"कळतंय गं. पण मला तोंडावर न्हाई म्हणता येत न्हाई कुणाला. माझ्या बाला बी येत नव्हतं."

खरं होतं. ह्यांच्या वडिलांनी असंच न बोलता घरचं बांधावरचं आंब्याचं झाड एकाला देऊन टाकलं होतं, आणि मग जन्मभर त्याच झाडाच्या सावलीला त्याची परवानगी मागून बसायचे. ह्यांनी उपटलेला एक वेल हातात धरून बराच वेळ शेंगा बघितल्या आणि त्या वेलावरच ठेवून तो हळू खाली ठेवला, जसं कुणी निजलेलं लेकरू ठेवतं.

ती पट्टी आम्ही दोघांनी काढलेली. आधी तिथं कातळ आणि घाणेरीची झुडपं होती. लोक म्हणायचे, सातापाच्या डोक्यात काय शिरलंय, दगडात शेत काढतोय. आम्ही ते का काढलं, हे गावात एका नागूआत्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आणि नागूआत्या म्हणजे जोत्याजीरावांची आई.

रविवारी सगळे डोंगर चढायला लागलो. माणूस पारखायचा असेल तर त्याच्याबरोबर आमचा डोंगर चढावा. सपाटीला सगळे सारखे दिसतात. जोत्याजीराव पुढं, हातात फक्त उपरणं, आणि नारळाची पिशवी कमिटीतल्या धाकट्या सभासदाच्या खांद्यावर. कोण पाणी घेऊन आलंय आणि कोण दुसऱ्याच्या तांब्याकडे बघतंय, हे पहिल्या वळणावर कळतं. अर्ध्या वाटेवर ज्याला त्याला देवाची नाही, बसायच्या दगडाची ओढ लागते.

नागूआत्या सगळ्यांच्या मागं होत्या. वय झालेलं, पण डोलीत बसायला तयार नव्हत्या. "हात दे बायाक्का," म्हणाल्या. मी दिला.

"जोत्यानं तुझ्या पट्टीवर डोळा ठेवलाय म्हणं."

"ठेवू दे. डोळ्यानं पीक जळत न्हाई."

"आणि देवानं मागितली तर? देवाला न्हाई म्हणशील?"

"आत्ती, तुम्ही देवाजवळ कधी काय मागितलंय का?"

त्या थांबल्या. दम खायला थांबल्या असं मी समजले. "मागायची वेळच आली न्हाई," त्या म्हणाल्या. "मागायच्या आधीच पाळणा हलायला लागला. मग उसंत कुणाला?"

"मी मागितलं हुतं."

"आठवतंय मला," आत्या म्हणाल्या, आणि माझा हात जरा घट्ट धरून चढायला लागल्या.

आमच्याकडं कौल कसा लावतात ते सांगते. नाथाची मूर्ती काळ्या पाषाणाची, उभी. गुरव ती धुतो, आणि तगरीच्या कळ्या पाण्यात बुडवून एक मूर्तीच्या उजव्या खांद्याला चिकटवतो, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्यानं देवाला विचारतो. उजवी कळी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. आणि गाऱ्हाण्याचं एकेक वाक्य संपलं की जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय महाराजा!"

हे "व्हय महाराजा" आमच्या गावाच्या रक्तात गेलेलं आहे. शब्द ऐकून कुणी म्हणत नाही, सूर ऐकून म्हणतात. गुरवाचा आवाज वर चढून खाली उतरला की तोंडं आपोआप उघडतात. मागं एका वर्षी गाऱ्हाणं चालू असताना गाभाऱ्यात कुत्रं शिरलं. धाकलू त्याच सुरात ओरडला, "अरं कुत्रं आलंय, हाकला त्याला!" आणि सबंध मंडप म्हणाला, "व्हय महाराजा!" कुत्रं तिथंच बसून राहिलं. मी तेव्हा पदरात तोंड घालून हसले होते. आणि लक्षात ठेवलं होतं.

देवळात आम्ही बायका डाव्या हाताला बसलो, पुरुष उजव्या हाताला. आमचे हे नेहमीप्रमाणे खांबाच्या मागं, जिथं बसलं की कुणी विचारत नाही. धाकलूनं मूर्ती धुतली. तबकात तगरीच्या कळ्यांचा ढीग होता. त्यानं त्यातून एक घेतली, उजव्या खांद्याला टेकवली. दुसरी घेतली, डाव्या खांद्याला लावली, आणि तिच्यावर अंगठा दाबून ठेवला. भाकरीवर शेवटचा हात फिरवावा इतका वेळ ठेवला. मग त्यानं जोत्याजीरावांकडं बघितलं नाही. एवढ्या जवळ बसलेल्या माणसाकडं इतकं ठरवून न बघणं मला पुरेसं होतं.

"बा रवळनाथा! डोंगराच्या धन्या!" धाकलूनं आवाज लावला.

"व्हय महाराजा!"

"तुझ्या पायथ्याची पायरीची पट्टी तुझ्या कामाला पाहिजे असंल, तर उजवी दे! नको असंल, तर डावी दे!"

"व्हय महाराजा!"

समईची ज्योत हलली. पाण्याचा एक थेंब मूर्तीच्या छातीवरून घरंगळत खाली आला. आणि उजवी कळी टपकन पडली. डावी जागची हलली नव्हती. नंतर आरती झाली, तीर्थ वाटून झालं, तरी ती तिथंच होती.

"दिला! नाथानं कौल दिला!" जोत्याजीराव उठले. चेहरा खरोखरच उजळला होता त्यांचा. ते मनापासून देवभोळे होते. आपल्याला हवं तेच देव बोलतो, याचं त्यांना दर वेळी नव्यानं अप्रूप वाटायचं. "फोड रं नारळ, धाकलू! सातापा, ये म्होरं!"

खांबामागं हालचाल झाली नाही. मी उठले.

"जरा थांबा भावोजी. मला बी गाऱ्हाणं घालायचंय."

मंडपात कुजबुज झाली. धाकलूचा नारळावरचा हात थांबला. जोत्याजीराव म्हणाले, "वैनी, बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. गुरवाचा मान हाय त्यो."

"बायका मागत्यात आणि गुरव बोलतो, व्हय? माझं मीच बोलते की. नाथ काय इंग्रजीत ऐकतो?"

"रीत मोडायची न्हाई."

"जोत्या," मागून नागूआत्या म्हणाल्या. बसल्या जागेवरून म्हणाल्या, पण तो आवाज चार पोरं वाढवलेल्या बाईचा होता. "घालू दे तिला. देवाला कान हाईत. नको असंल तर त्यो ऐकणार न्हाई. तुझं काय जातंय?"

आईला देवळात नाही म्हणणं जोत्याजीरावांना जमलं नाही. ते उपरणं झटकून खाली बसले.

मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी राहिले. गुरवाचा सूर इतकी वर्षं कानात होता. तो तसाच लावला, वर चढवला आणि खाली उतरवला.

"बा रवळनाथा! डोंगराच्या धन्या! वाडीवस्तीच्या राखणदारा!"

क्षणभर कुणाला कळेना, बाईच्या आवाजाला उत्तर द्यावं की नाही. पण सूर तोच होता. तोंडं उघडली.

"व्हय महाराजा!"

"तुझी लेकरं तुझ्या पायाशी आल्याती! त्यांची सेवा गोड करून घे!"

"व्हय महाराजा!"

"पायरीची पट्टी तुला पाहिजे म्हणालास! उजवी दिलीस! तुझा शब्द खोटा न्हाई!"

"व्हय महाराजा!" ह्यावर जोत्याजीराव सगळ्यांत मोठ्यानं ओरडले. त्यांना वाटलं, बाई ताळ्यावर आली.

"तुझी उजवी म्हंजे उजवी! आजची बी खरी, मागली बी खरी!"

"व्हय महाराजा!"

"लगीन होऊन चार पावसाळे कोरडे गेले, तवा मी हितंच पदर पसरून बसले हुते! धाकलूच्या बानं गाऱ्हाणं घातलं हुतं! हिच्या पोटी लेकरू देणार असशील, तर उजवी दे म्हणून! तू उजवी दिलीस!"

ह्या वेळी मंडप गप्प राहिला. पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. मग एकटा एक म्हातारा आवाज आला.

"व्हय महाराजा."

"आई!" जोत्याजीराव म्हणाले.

"काय आई? मीच घेऊन आलते तिला. कळी पडली ती मी माझ्या हातानं हिच्या ओटीत घातली. देवाम्होरं बसून खोटं बोलू काय?"

आत्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू घाल गं म्होरं."

माझा सूर फाटायला आला होता. तो पुन्हा धरला.

"तुझ्या शब्दावर आम्ही दोघांनी कातळ फोडला! येणाऱ्याला खायाला पाहिजे म्हणून! ओढ्याची माती डोक्यावरनं आणली! पट्टी काढली!"

"व्हय महाराजा!" आता बायकांकडून आवाज आला. त्यांतल्या कितीतरी जणी माझ्याबरोबर कधी ना कधी ती माती भरायला आल्या होत्या. का आणतेय ते मी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. पण बायकांना असलं काही सांगावं लागतं असं नाही.

"पट्टी आली, नाथा! यायचं हुतं ते आलं न्हाई! आम्ही तुझ्या दारात येऊन भांडलो न्हाई! एका शब्दानं विचारलं न्हाई! वाट बघितली!"

"व्हय महाराजा!"

"आता तू मागतोस! तुला न्हाई म्हणणारी मी कोण? म्हणून माझं गाऱ्हाणं एवढंच! तू दिलेला शब्द पुरा कर! ज्या दिवशी करशील त्या दिवशी पट्टी तुझी! तवर आम्ही बघितली तशी तू बी वाट बघ!"

सूर खाली उतरवला आणि थांबले.

जोत्याजीरावांचा हात वर गेला होता. सगळ्या मंडपाला थोपवायला वर गेलेला हात. सवयीनं उघडलेली तोंडं तशीच उघडी राहिली होती. आपण कशाला होय म्हणायला निघालोय, हे एकेकाच्या डोळ्यांत उतरताना मला दिसत होतं. असा गप्पपणा मी त्या देवळात त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. वाटलं, संपलं. शब्द अधांतरी राहिला की गाऱ्हाणं वाया. आमच्याकडं तेच मानतात. एकानं घालायचं आणि गावानं उचलायचं.

तेवढ्यात खांबामागून आवाज आला.

"व्हय महाराजा."

हे उभे राहिले होते. टोपी डोक्यावर होती आणि हात रिकामे होते. आवाज मोठा नव्हता, पण सुरात होता, आणि त्या सुरापुढं गावाचा इलाज नव्हता. पाठीमागच्या पोरांनी धरला, बायकांनी धरला, कमिटीच्या त्या खोकणाऱ्या सभासदानं धरला, आणि सबंध मंडप दणाणला.

"व्हय महाराजा!"

घंटेनंही नाद धरल्याचं मला आठवतं. ते मात्र माझ्या मनाचं असेल.

जोत्याजीराव ह्यांच्याजवळ गेले. "सातापा, तू शब्द दिला हुतास. देव म्हणंल तसं."

"दिलाय की. न्हाई कुठं म्हणतोय?" हे म्हणाले. "पण देवानं माझ्या आधी दिलाय. त्याचा पैला. मग माझा."

लग्न झाल्यापासून ह्यांनी कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आजही ते नाही म्हणाले नव्हते, हे जोत्याजीरावांच्या उशिरा लक्षात आलं असावं.

मी धाकलूच्या तबकाकडं बघितलं.

"धाकलू, कळ्या बऱ्याच उरल्यात रं."

"व्हय वैनी."

"मग आता वाटंच्या पल्याडच्या उसाच्या पट्टीचा बी कौल लावून टाक की. सगळं गाव वर आलंच हाय. नाथाला दुसरी चालती का ते तरी कळंल. काय भावोजी?"

मंडपात आधी कुणी हसलं नाही. मग नागूआत्या हसल्या. आईच हसली म्हटल्यावर बाकीच्यांना मोकळीक मिळाली.

"आज वेळ झाला," जोत्याजीराव म्हणाले. "आरती घ्या." आणि आरती संपायच्या आत ते पायताण घालून खाली निघालेही होते. नारळाची पिशवी ह्या वेळी त्यांच्याच हातात होती.

उतरताना धाकलू मागून धावत आला. आमचे हे नागूआत्यांना धरून पुढं गेले होते. तो माझ्या बरोबरीनं चालायला लागला.

"वैनी, अंगठा बघितलासा न्हवं माझा?"

"बघितला."

"मग मंडपात बोलला का न्हाईसा? सगळ्यांम्होरं सांगितलं असतं तर जागच्या जागी मिटलं असतं."

"आणि तुझं घर?"

त्यानं खाली देसायांच्या जागेतल्या आपल्या घराकडं बघितलं.

"आणि धाकलू, तुझा कौल खोटा म्हटला असता तर तुझ्या बाचा बी खोटा म्हणावा लागला असता. त्यानं बी त्या दिवशी डावीवर अंगठा ठेवला हुता. तुझ्यापेक्षा जास्ती वेळ. त्याला वाटलं, मी डोळे मिटलेत. मी कुठली डोळे मिटते?"

धाकलू जागच्या जागी थांबला. "म्हंजे तुमाला तवापास्नं ठावं हुतं?"

"ठावं हुतं."

"तरी कातळ फोडलासा?"

खाली पायथ्याशी आमची पट्टी दिसत होती. अर्धे वेल उपटलेले, अर्धे उभे. वरून बघितलं की ती इतकी लहान दिसते, की कुणी मागायला यावं याचं नवल वाटतं.

"तुझा बा चांगला माणूस हुता," मी म्हणाले. "एका रडणाऱ्या पोरीला घरी जायला काहीतरी दिलं त्यानं. ते खोटं कसं म्हणू? आणि आज तू भ्यालास, म्हणून तुझं मोडू? त्यापरास दोन्ही खरे धरले. दोन्ही खरे धरल्यावर नाथाची बाजू जरा अडचणीत आली, ते त्याचं त्यो बघंल."

ह्यांना ते अंगठ्याचं मी कधी सांगितलं नाही. सांगायची गरज होती की नाही, कोण जाणे. खांबामागून माणसाला पुष्कळ दिसतं.

पुढच्या वर्षी गाड्या शाळेमागच्या माळावर उभ्या राहायला लागल्या. कमान झाली, पण ती वाटेवर, दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये, कुणाचीही माती न घेता. तिच्यावर कमिटीच्या सगळ्यांची नावं आहेत. जोत्याजीराव आमच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत, आणि मग ह्यांना साप चावला तेव्हा त्यांनीच आपल्या जीपमधून दवाखान्यात नेलं. ते मी विसरलेले नाही. त्यांनीही विसरू दिलं नाही.

आता हेही नाहीत आणि जोत्याजीरावही नाहीत. पट्टी मीच करते, बाया लावून. माझ्यामागं ती कोण खाणार, हे विचारायला अजून माणसं येतात. नारळ आता प्लास्टिकच्या पिशवीतून आणतात, एवढाच फरक.

भुईमूग निघाला की पहिल्या वेलाच्या शेंगा घेऊन दर वर्षी डोंगर चढते. थांबत थांबत चढते, पण तांब्या माझा मीच नेते. धाकलूचा मुलगा आता गुरवकी करतो. मी शेंगा तबकाशेजारी ठेवते आणि गाभाऱ्यात डोकावून विचारते, "काय रे नाथा? कुठवर आलंय?"

तो पोरगा हसतो. "आज्जी, अजून किती दिवस विचारणार?"

"त्यालाच विचार," मी म्हणते. "पट्टी त्याला पाहिजे. मला न्हाई घाई."

सत्तरी ओलांडली माझी. तो माझ्याहून पुष्कळ म्हातारा. बघू आधी कोण कंटाळतं ते.